विमानतळावरील खालची पायरी : एक अभ्यास

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या महाविद्यालयात अलीकडे विमानतळावरील नोकऱ्यांची बरीच चर्चा चालते. फाटकाबाहेरच्या भिंतीवर खाजगी वर्गांच्या जाहिराती लागतात. त्यांत निळा कोट घातलेली हसरी मुलगी असते, मागे विमान असते, आणि बारावी पास झालेल्यांनी विमानतळावर भवितव्य घडवावे असे आवाहन असते. प्रत्यक्ष काम कोणते करावे लागेल, याचा मात्र त्यात एका ओळीचाही उल्लेख नसतो. प्रस्तुत लेखात त्या कामाचाच विचार करावयाचा आहे. वैमानिक, हवाई सुंदरी, अभियंते व मनोऱ्यात बसणारे नियंत्रण अधिकारी यांना मी बाजूस ठेवले आहे, कारण त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. उरतात ते लोडर, विमानाला हाताच्या खुणांनी जागेवर आणणारे मार्शलर, सामानाचे ट्रॅक्टर चालवणारे, ट्रॉल्या गोळा करणारे आणि काउंटरवर उभे राहून बॅगांना चिठ्ठी लावणारे मुलगे-मुली. विमानतळाच्या कामाची ही सर्वांत खालची पायरी होय.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या पायरीवरच्या माणसाची ताकद लागते हे सर्वांना दिसते. पण त्याहून अधिक लागतो तो त्याचा नकार. ‘ही बॅग जाणार नाही’, ‘आता पुढे येऊ नका’ असे त्याने योग्य वेळी म्हणावे, अशी साऱ्या व्यवस्थेची अपेक्षा असते. आणि असे म्हणण्यासाठी पायाखालची जमीन जेवढी घट्ट असावी लागते, तेवढी ती त्याच्या नोकरीत नसते.

याबाबतची माझी माहिती दोन ठिकाणची आहे. ग्रंथालयात व वर्तमानपत्रांत वाचावयास मिळाले ते एक. दुसरे म्हणजे आमच्या वस्तीतले एक भाऊ, जे चार वर्षांपासून लोडरचे काम करतात. त्यांचे व त्यांच्या कंपनीचे नाव मी त्यांच्याच सांगण्यावरून देत नाही. माझे वडील कळमना बाजारात हमाल आहेत, त्यामुळे ओझ्याविषयीचे काही ज्ञान मला घरातूनही मिळाले आहे.

प्रथम नागपूरचे पाहू. झिरो माइलचा दगड आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. पण नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा खरा उपयोग कोणी करून घेतला असेल तर तो टपाल खात्याने. सोनेगावचा विमानतळ पहिल्या महायुद्धाच्या काळातला, म्हणजे १९१७-१८ चा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमाने येथे थांबत. २००५ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे. या विमानतळावर जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत जाई. काही उतारूही या विमानांनी जात. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून जादा आकार न घेता पत्रे विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली, म्हणजे गरिबाच्या साध्या पत्रालाही विमानात जागा मिळाली.

या योजनेतले गणित मोठे सुंदर आहे. चार शहरे एकमेकांना थेट जोडावयाची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर धरले की चार मार्गांत भागते. शहरे जितकी वाढतील तितकी ही बचत वाढत जाते. अमेरिकेतील मेंफिस येथे फेडरल एक्स्प्रेस कंपनीने १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ विमाने व १८६ पाकिटे घेऊन याच तत्त्वावर आपले काम सुरू केले, आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत त्याचे उदाहरण आजही देतात. नागपूरची रात्रसेवा त्याच वर्षी बंद झाली. आपल्या वाणिज्य शाखेच्या मित्रांना मेंफिस ठाऊक असते आणि सोनेगाव ठाऊक नसते, हे मी सहज विचारून पाहिले आहे.

परंतु माझा मुद्दा गणिताचा नाही. मार्ग वाचले, पण हातांचे काम वाढले. प्रत्येक विमानातून तीन शहरांच्या थैल्या उतरणार, म्हणजे मध्यरात्री फलाटावर बारा वेगवेगळे ढीग होणार. मद्रासची एक थैली चुकून दिल्लीच्या ढिगात पडली तर तिच्यातली सगळी पत्रे दोन दिवस भलतीकडे. शिवाय एका विमानाला उशीर झाला की उरलेली तिन्ही खोळंबणार, म्हणून सारे काम घाईचे. विजेच्या मंद दिव्यात, डिसेंबरच्या थंडीत नि जुलैच्या पावसात, थैलीवरचे नाव वाचून ती योग्य ढिगात टाकणारे कोण होते ? चोवीस वर्षे हे काम नागपुरात रोज रात्री झाले. मंत्र्यांचे नाव सापडते, कंपन्यांची नावे सापडतात, १ ऑगस्ट १९५३ रोजी त्या कंपन्या एकत्र होऊन इंडियन एअरलाइन्स झाली हेही सापडते. १२ डिसेंबर १९५३ रोजी मद्रासकडे निघालेले रात्रसेवेचे डाकोटा विमान नागपुरात उड्डाण करताच कोसळले व तेरा माणसे दगावली, वैमानिक तेवढा वाचला, हीही नोंद आहे. थैल्या उचलणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला वाचावयास मिळाले नाही. त्यांची नातवंडे सोनेगाव, भामटी, जयताळा भागांत असतील, असे मला वाटत राहते.

आता आजचे काम पाहू. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की विमान आले, माणसे उतरली, दुसरी बसली आणि विमान गेले. देशांतर्गत विमान जमिनीवर अनेकदा अर्धा तासच थांबते. पण त्या अर्ध्या तासात खाली जे घडते ते एखाद्या लग्नघरासारखे असते. फरक एवढाच की येथे कोणी कोणावर ओरडून चालत नाही, कारण इंजिनांच्या आवाजात ओरडणे ऐकूच येत नाही. सगळा कारभार खुणांचा.

विमान येण्यापूर्वी लोडर व त्यांचा प्रमुख उभे राहण्याच्या जागेवर फिरून जमिनीकडे पाहतात. एखादा खिळा, बॅगेचे तुटलेले चाक, प्लास्टिकची पट्टी, काहीही असले तरी उचलावयाचे. कारण इंजिन जमिनीवरची वस्तू आत ओढून घेते. मग विमान येते. मार्शलर दोन्ही हातांतल्या काठ्यांनी त्यास पुढे बोलावतो, डावी-उजवीकडे वळवतो आणि शेवटी हात डोक्यावर फुली करून थांबवतो. या खुणा नागपुरात एक व नैरोबीत दुसऱ्या अशा नसतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्या सर्व जगासाठी ठरवून दिल्या आहेत. कोणत्याही देशाचा वैमानिक कोणत्याही देशाच्या मार्शलरचे ऐकतो. बारावी पास झालेल्या मुलाच्या हाताकडे पाहून शेकडो कोटींचे यंत्र थांबते, हे दृश्य मला फार आवडते.

थांबल्याबरोबर कोणी धावत जावयाचे नाही. विमानाच्या पाठीवर व पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असतो. इंजिने बंद होऊन तो दिवा विझला की मगच जवळ जावयाचे. चाकांना चॉक म्हणजे ठोकळे लावतात, पंखांच्या टोकांपाशी व इंजिनांपाशी केशरी कोन ठेवतात, जमिनीवरून वीज जोडतात. त्यानंतर पोटाची दारे उघडतात आणि पट्ट्याची गाडी दारास लागते.

पोटात जाणे हे लोडरचे मुख्य काम. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या एअरबस ३२० विमानाच्या पोटाची उंची साधारण सव्वा मीटर असते. तेथे उभे राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, मान वाकवून बॅगा ओढावयाच्या व रचावयाच्या. हिशेब करून पहा. १८० उतारू आणि प्रत्येकी १५ किलोची एक बॅग धरली तर २७०० किलो होतात. तेवढ्या उतरवावयाच्या आणि तेवढ्याच पुन्हा चढवावयाच्या, म्हणजे अर्ध्या तासात पाच टनांहून अधिक ओझे चार-पाच माणसांच्या हातांतून जाते. एका बॅगेचे वजन ३२ किलोंपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे, आणि तो विमानासाठी नसून उचलणाऱ्याच्या कमरेसाठी आहे. काउंटरवर ‘दोन किलोंनी काय होते’ म्हणून हुज्जत घालणाऱ्या उतारूस हे बहुधा ठाऊक नसते.

कळमन्यात माझे वडील पोते पाठीवर घेऊन सरळ चालतात. भाऊंचे ओझे त्या मानाने हलके. पण सरळ उभे राहण्याची सोय नाही. दोघांची एकदा आमच्या ओसरीवर चर्चा झाली तेव्हा बाबांनी विचारले, “दिवसाचे किती नग होतात ?” भाऊ म्हणाले, “काका, नगाचं काही नाही. उचलाले काय लागते ? कोनती ठेवाची आन् कोनती काढाची, थे पाहा लागते.” बाबांना ते पटले नाही. मला मात्र त्या वाक्यात सारा विषय आला असे वाटले.

ठेवावयाची कोठे, हा पहिला प्रश्न. विमान हवेत तराजूसारखे तोलावे लागते. पुढच्या पोटात इतके किलो, मागच्या पोटात इतके, असा कागद वरून येतो व त्याप्रमाणेच भरावे लागते. सोयीचे म्हणून सगळे मागे भरले तर शेपूट जड होऊन उड्डाणाच्या वेळी धोका होतो. शेवटी हिशेबाच्या कागदावर कॅप्टन सही करतो. पण त्याने पोटात डोकावून पाहिलेले नसते. खालच्या माणसाने सांगितलेला आकडा खरा, या विश्वासावर ती सही असते.

यात आपल्या नागपूरच्या उन्हाचाही वाटा आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते व इंजिनांचा जोरही घटतो. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर लांबीची, म्हणजे चांगली लांब आहे. तरी भर उन्हात भरलेल्या विमानाचे गणित काटेकोर करावे लागते, आणि क्वचित वजन कमी करण्याची पाळी आली तर रचलेले सामान पुन्हा उतरवणारा तोच लोडर असतो. काँक्रीटच्या मैदानाला सावली नसते. मे महिन्यात विमानाच्या पोटातली धातूची चौकट हातमोज्यातूनही चटका देते, असे भाऊ सांगतात. थंडी, पाऊस व ऊन यांत त्यांना सर्वांत नकोसे ऊन.

आता दुसरा प्रश्न, कोणती बॅग काढावयाची. नियम असा की ज्याची बॅग चढली तो उतारू स्वतः चढला नाही, तर विमान हलण्यापूर्वी ती बॅग शोधून उतरवावयाची. दीडशे बॅगांच्या खालची एक बॅग शोधण्यासाठी सगळे पुन्हा बाहेर काढावे लागले तरी काढावयाचे. वर उतारू घड्याळे पाहत असतात, कंपनीचा माणूस बिनतारी यंत्रावर ‘किती वेळ ?’ म्हणून विचारत असतो. हा नियम एवढा कडक का, याचा इतिहास आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा.

२२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकूवर येथे एक उतारू काउंटरवर आला. त्यास टोरांटोमार्गे एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीस जावयाचे होते. परंतु टोरांटोपुढचे त्याचे आसन निश्चित झालेले नव्हते. अशा वेळी बॅगेवर टोरांटोपर्यंतचीच चिठ्ठी लावावी असा नियम होता, आणि काउंटरवरील मुलीने त्यास तसे सांगितलेही. तो हट्टास पेटला. मागे रांग वाढत होती. शेवटी तिने बॅग थेट दिल्लीपर्यंत नोंदली. तो माणूस विमानात चढलाच नाही, बॅग गेली. टोरांटोस त्या दिवशी क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. मग हातात धरावयाच्या यंत्राने सामान तपासण्यात आले. एका बॅगेपाशी ते यंत्र वाजले, पण त्या आवाजाचा अर्थ काय व वाजल्यावर काय करावे, हे तपासणाऱ्यांना नीट शिकवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी, २३ जून रोजी, ‘कनिष्क’ हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर बॉम्बने फुटले आणि ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच कटातली दुसरी बॅग जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढावयाची होती. ती त्यापूर्वी तासाभराच्या आत जमिनीवरच फुटली. तेथे जे दोघे मरण पावले ते सामान हलवणारे कामगार होते.

कॅनडाच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१० मध्ये बाहेर आला. त्यात गुप्तहेर खाते, पोलीस, सरकार व विमान कंपनी अशा सर्वांचे दोष दाखवले आहेत, आणि ते योग्यच आहे. त्या काउंटरवरील मुलीला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. मी फक्त एवढे पाहतो की इतक्या मोठ्या कटाच्या वाटेत ज्या दोन जागा त्यास अडवू शकल्या असत्या, त्या दोन्ही जागी अगदी खालच्या पायरीवरची माणसे उभी होती. एकीवर रांगेचा दाब होता. दुसऱ्यांना शिक्षण दिलेले नव्हते. नियम कागदावर होता. तो लागू करण्यासाठी लांबलेल्या रांगेसमोर, चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर ‘नाही’ म्हणणारा माणूस लागतो, आणि तसे म्हटल्यावर आपली नोकरी जाणार नाही याची त्यास खात्री लागते.

खुणांच्या बाबतीतही तसेच आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला जाणारे विमान निघण्याच्या बेतात असताना, खालचा एक तंत्रज्ञ जवळ असतानाच ते पुढे सरकले आणि तो इंजिनात ओढला गेला. खुणेची देवाणघेवाण पूर्ण झाल्याखेरीज हलावयाचे नाही, हा नियम तेव्हाही होता. विमान मागे ढकलून झाल्यावर खालचा माणूस बाजूस येऊन अंगठा वर करतो व वैमानिक हात हलवून उत्तर देतो, हे आपण खिडकीतून शिष्टाचार म्हणून पाहतो. तो शिष्टाचार नसून जिवाची पावती आहे.

असो. जबाबदारी एवढी, मग त्या पायरीची अवस्था काय? येथे पुन्हा कळमन्याकडे वळावे लागते. बाजारातल्या हमालास पूर्वी कोणीच विचारत नव्हते. व्यापारी म्हणे तो माझा नोकर नाही, आडत्या म्हणे माझाही नाही. पुष्कळ लढ्यांनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. हमालाची नोंद मंडळात होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. माझ्या वडिलांच्या जुन्या पाकिटात मंडळाचे कार्ड असते व ते त्यास फार जपतात. या कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र नीट होते असे मी म्हणत नाही. तरी मालक अनेक असले तरी कामगाराची नोंद एक, हा विचार मला फार मोठा वाटतो.

विमानतळावरही मालक अनेकच असतात. एकाच विमानाभोवती पाच-सहा आस्थापनांची माणसे काम करतात. इमारत एकाची, विमान दुसऱ्याचे, सामान हाताळण्याचे कंत्राट तिसऱ्याचे, आणि माणसे पुरवणारा कधी चौथाच. अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असते, गळ्यात ओळखपत्र असते. पण नेमणूक बहुधा मुदतीची. १५ मे २०२५ रोजी सुरक्षेच्या कारणावरून केंद्र सरकारने चेलेबी या तुर्की कंपनीची परवानगी रद्द केली. मुंबईसह नऊ विमानतळांवर तिचे काम होते. निर्णय योग्य की अयोग्य हा माझ्या लेखाचा विषय नाही. पण हजारो माणसांचा मालक एका दिवसात नाहीसा होतो आणि बॅगा मात्र त्या रात्रीही चढवाव्याच लागतात, हे त्या प्रसंगी दिसले.

आणि तरीही या पायरीसाठी किती गर्दी आहे पहा. १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कलिना येथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने लोडर व तत्सम जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा २२१६, पगार वीस ते पंचवीस हजारांच्या घरात, आणि आलेली मुले वर्तमानपत्रांच्या अंदाजाने पंचवीस हजारांहून अधिक. फॉर्म देण्याच्या खिडकीपाशी चेंगराचेंगरीची वेळ आली. शेवटी मुलांकडून अर्ज ठेवून घेऊन त्यांना परत जाण्यास सांगण्यात आले. त्यांत पदवीधर होते, पदव्युत्तर शिक्षण घेतलेलेही होते. बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाची हकिकत छापून आली होती, तो बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षास होता. मीही दुसऱ्या वर्षास आहे. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “वझंच उचलाचं आहे तर मंग शाळा कायले शिकवली ?” यावर माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि हा लेख लिहिण्याचे ते एक कारण आहे.

माझे उत्तर आता असे आहे की काम हलके नाही. वजनाचा कागद वाचणे, चिठ्ठीवरची तीन अक्षरे ओळखणे (नागपूरची एन्, ए, जी), धोक्याच्या मालाचे नऊ वर्ग व त्यांची चिन्हे लक्षात ठेवणे, पॉवर बँक पोटातल्या सामानात जाऊ न देणे, या सर्वांस शाळा लागते. उड्डाणाच्या कागदपत्रांत वेळ ग्रिनिचप्रमाणे लिहितात. आपली मध्यरात्र म्हणजे तेथे आदल्या तारखेची संध्याकाळचे साडेसहा. ज्यास ही साडेपाच तासांची वजाबाकी झोपेत करता येत नाही तो रात्रपाळीत तारीख चुकतो. म्हणून शिकलेल्या मुलाने हे काम करण्यात मला कमीपणा वाटत नाही. कमीपणा आहे तो शिकलेल्याकडून शिकलेपणाचे काम करून घ्यावयाचे व त्यास नुसत्या हातांचा दाम द्यावयाचा, यात.

जाहिरातींच्या वर्गांविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या घरच्यांनी अशा एका वर्गाची फी कर्ज काढून भरली. सहा महिने चालणे, बोलणे, केसांची बट व इंग्रजी अभिवादन यांचे शिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले, नोकरी मिळाली नाही. सर्वच वर्ग असे असतील असे नाही. पण फी भरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. विमानतळाच्या आतील भागात काम करण्यासाठी जे प्रवेशपत्र लागते ते नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमांखाली, तुम्हांस कामावर घेणाऱ्या संस्थेच्या अर्जावर व पोलिसांच्या पडताळणीनंतर मिळते. कोणत्याही शिकवणी वर्गाच्या प्रमाणपत्राने ते मिळत नाही. सुरक्षेचे व धोक्याच्या मालाचे आवश्यक शिक्षणही सामान्यतः कामावर घेतल्यानंतर कंपनीच देते. तेव्हा ‘आम्ही थेट विमानतळावर पाठवतो’ असे कोणी म्हटले, तर कोणत्या कंपनीच्या नेमणूकपत्रावर, हे लेखी विचारावे.

आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत, म्हणून आणखी एक. नियंत्रण मनोऱ्यातील अधिकारी होण्यास पदवीला भौतिकशास्त्र व गणित किंवा अभियांत्रिकी लागते. ते दार आपल्याला बंद आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अग्निशमन सेवेत कनिष्ठ सहायक म्हणून बारावीवर जाता येते, पण वाहन चालवण्याचा परवाना, उंची व शारीरिक चाचणी आवश्यक असते. कार्यालयीन कनिष्ठ सहायकासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, टंकलेखन यावे लागते. या जागा थोड्या व परीक्षा मोठी. पण त्या पायरीवर एकदा पाय ठेवला की तो घट्ट राहतो. त्यांच्या जाहिराती प्राधिकरण स्वतः प्रसिद्ध करते, त्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

शेवटी प्राध्यापकांपुढे एक गोष्ट ठेवावीशी वाटते. आमच्याच वर्गातील एक विद्यार्थी गेल्या दिवाळीपासून विमानतळावर रात्रपाळी करतो. रात्री दहा ते सकाळी सहा. तेथून सायकलने तो साडेसातच्या तासाला येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. पहिल्या तासाला त्याचा डोळा लागतो. तो आळशी आहे असा समज झालेला आहे. घरी तो एकटाच कमावता आहे. तो परवानगी मागावयास संकोचतो, म्हणून त्याच्या संमतीने मी लिहीत आहे. अंतर्गत चाचणीच्या तारखा आठ-दहा दिवस आधी कळल्या तर पाळी बदलून घेता येते; ऐन वेळी कळल्या तर येत नाही. तसेच दुपारच्या तुकडीत बसण्याची मुभा मिळाली तर त्याची हजेरीही भरेल. पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद त्यांच्याकडे दर शनिवारी लागतो, आणि तो त्याची प्रत सोमवारी कार्यालयात आणून देण्यास तयार आहे.